झोपेतली परीक्षा

माझ्या मुलीची पहिली परीक्षा ती जन्मली त्याच्या दुसऱ्या दिवशी झाली, आणि ती तिने झोपेत दिली.

सरकारी हॉस्पिटलात बाळंतिणींच्या वॉर्डातून सकाळचा चहा नुकताच फिरून गेला होता. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून हळर्णहून माझी आई सोबतीला आली होती. खाटेशेजारच्या स्टुलावर बसून ती दुपट्यांच्या घड्या घालत होती. तेवढ्यात एक तरुण बाई हातात छोटंसं यंत्र घेऊन आल्या. यंत्राला एक वायर आणि वायरच्या टोकाला शेंगदाण्याएवढी मऊ रबरी टोपी. नवजात बाळांचे कान तपासणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट होत्या त्या.

"बाळ झोपलंय ना? मग उठवू नका," त्या म्हणाल्या. "झोपलेलंच हवं."

"सुई मारतलास काय?" आईने विचारलं.

"सुई नाही हो. कानात बारीक आवाज सोडायचा. आतला कान चांगला असला की तोही उलट एक आवाज पाठवतो, अगदी बारीक. आपल्याला नाही ऐकू येत तो, यंत्राला येतो."

आईला ही गोष्ट फार आवडली. "म्हणजे कान बोलता," ती म्हणाली आणि पलीकडच्या खाटेवरच्या बाईलाही तिने ते समजावून सांगितलं.

पलीकडच्या बाळाचे दोन्ही कान लगेच बोलले. त्याच्या पुढच्या बाळाचेही. आमच्या बाळाचा उजवा कान मात्र गप्प राहिला. बाईंनी टोपी बदलली, बाळाचा कान हलक्या हाताने मागे ओढून पुन्हा लावली. मग डावा कान पाहिला. मी डिचोलीच्या एका पतसंस्थेत काउंटरवर बसते, समोरच्याच्या हातातला कागद उलटा वाचायची मला सवय आहे. यंत्राच्या पडद्यावर उमटलेला शब्द मी तसाच उलटा वाचला. 'रेफर', म्हणजे पुढच्या तपासणीला पाठवा.

"घाबरू नका हं," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी पुष्कळ बाळांच्या कानात अजून पाणी असतं, पांढरा थर असतो. आवाज आतपर्यंत जातच नाही. थोड्या आठवड्यांनी पुन्हा आणा. पण नक्की आणा, विसरू नका."

त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. मी बाळाकडे बघत राहिले. ती झोपेत ओठ चोखत होती. माझं लक्ष तिच्या कानांकडे गेलं, तोवर मी ते नीट पाहिलेसुद्धा नव्हते. वरच्या कडेला मऊ लव होती आणि पाळ्या सासऱ्यांसारख्या मोठ्या होत्या.

आईने हातातलं दुपटं घडी करून बाजूला ठेवलं. मग हळूच म्हणाली, "बाय, सासरी इतक्यात काय सांगा नको. परत तपासतले ना, तेवा बघूया."

नवऱ्याला मात्र मी संध्याकाळी सांगितलं. तो कारखान्यातून थेट हॉस्पिटलात आला होता, अंगावर कंपनीचा निळा शर्ट तसाच. त्याने ऐकून घेतलं, बाळाच्या अगदी जवळ वाकला आणि हळूच टिचकी वाजवली. बाळ झोपलेलंच राहिलं. तो सरळ उभा राहून म्हणाला, "झोपलंय ना, म्हणून." त्यानंतर आम्ही दोघांनी तो विषय काढला नाही.

बारसं हळर्णला माझ्या माहेरी झालं. मयेहून सासू-सासरे, नणंद, सगळे आले. आमच्याकडे बाळाचं नाव आधी त्याच्या कानात सांगतात आणि मग लोकांना. तो मान आत्याचा. नणंद पाळण्यावर वाकली तेव्हा मी जरा दूर, दारापाशी उभी होते. तिने कानाशी तोंड नेलं आणि नाव इतक्या मोठ्याने उच्चारलं की बाहेर मांडवात पानं मांडणाऱ्यांनाही ते कळलं. बायका हसायला लागल्या. "अगो, कानात सांगूचा ता, गावाक नाय," कोणीतरी म्हणालं. नणंदही हसली. पण जाताना माझ्याजवळ थांबून ती म्हणाली, "दादाने मला सांगितलंय. म्हटलं, पहिल्यांदा स्वतःचं नाव ऐकणार, तर नीट ऐकू दे." मला रडू आलं आणि हसूही. पाळण्यातली उत्सवमूर्ती तेवढ्या आवाजातही ढाराढूर झोपली होती.

त्यानंतरच्या दिवसांत मी चोरून परीक्षा घेत असे. आई विहिरीवर गेली की टाळी वाजव, चाव्यांचा जुडगा हलव, दार आपट. दार आपटलं की ती कधी दचकायची, कधी नाही. दचकली की तो दिवस बरा जायचा. चाव्यांकडे तिने कधीच पाहिलं नाही.

ठरल्या वेळी आम्ही पुन्हा गेलो. बाई त्याच होत्या. आता कानात पाणी नव्हतं, बाळ छान झोपलं होतं, वॉर्डात गडबडही नव्हती. तरी दोन्ही कानांचं उत्तर तेच आलं. या वेळी त्यांनी 'घाबरू नका' म्हटलं नाही. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "आता मोठी तपासणी करायची. कानातून मेंदूपर्यंत आवाज किती पोचतो ते त्यात कळतं. वेळेत आलात, हे फार बरं झालं."

त्या दिवशी नवऱ्याने घरी सगळं सांगून टाकलं.

माझ्या सासऱ्यांचं आयुष्य डिचोलीच्या खाणींवर मोठमोठी यंत्रं चालवण्यात गेलं. खाणी बंद पडल्या तसे ते मयेच्या घरी माडा-पोफळींच्या कुळागरात रमले. कान मात्र खाणीवरच राहिले. घरातल्या टीव्हीचा आवाज गावच्या तळ्यापर्यंत जायचा. नवऱ्याने त्यांना एकदा श्रवणयंत्र आणून दिलं होतं. ते त्यांनी थोडे दिवस वापरून कपाटात ठेवून दिलं. "माका बरोबर आयकाक येता, तुमीच बारीक उलयतास," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. उलयतास म्हणजे बोलता. घरात कोणी त्या वाटेला जात नसे.

मोठ्या तपासणीसाठी पणजीकडच्या हॉस्पिटलात जायचं होतं. तोवर मी बाळाला घेऊन मयेला परतले होते. या तपासणीला बाळ गाढ झोपलेलं लागतं, कपाळाला आणि कानांमागे चिकटवलेल्या वायरी घेऊन पुष्कळ वेळ झोपावं लागतं. म्हणून आम्हाला सांगितलं होतं की तिला पहाटे उठवा, वाटेत अजिबात झोपू देऊ नका, इथे आल्यावर दूध पाजा, म्हणजे ती आपोआप झोपेल.

कागदावर हे सोपं वाटतं. आमच्या मुलीला गाडी सुरू झाली की झोप यायची.

"मी येतंय," सासऱ्यांनी जाहीर केलं. "मी बरा जागा ठेवीन तेका."

नवरा गाडी चालवत होता, मागे बाळाला घेऊन मी आणि शेजारी सासरे. गाव सुटायच्या आधीच बाळाचे डोळे मिटायला लागले. सासऱ्यांनी ओला रुमाल तिच्या तळपायांना लावला. ती पाय आखडून त्यांच्याकडे बघायला लागली. मग त्यांनी तिला खाणीवरच्या गोष्टी सांगायला घेतल्या, आपल्या नेहमीच्या आवाजात. डोंगराच्या पोटात कसा सुरुंग लावायचे, पावसात ट्रक कसा रुतला, कोणाच्या डब्यातलं सुकं बांगड्याचं तिखट कोण खाऊन गेलं. नवरा म्हणाला, "बाबा, मला गाडी चालवता येत नाहीये." ते त्यांना ऐकू गेलं नाही. बाळ टक लावून त्यांच्या मिशांकडे बघत होतं. त्या आवाजातला थोडाफार तरी तिच्यापर्यंत पोचत होता, हे मला आता कळतं.

मांडवीचा पूल लागला, खाडीवरचा वारा आत आला आणि ती झोपली. आम्ही पाय चोळले, गाल कुरवाळले, काच खाली केली, काच वर केली. "निजला," सासरे खिन्नपणे म्हणाले.

हॉस्पिटलात पोचून तिच्या कपाळाला पहिली वायर चिकटवली आणि ती टक्क जागी झाली. दूध प्यायली, हसली, वायर ओढायला लागली. तिथल्या ऑडिओलॉजिस्ट वयाने मोठ्या होत्या. त्यांना हे सवयीचं असावं. "फिरवून आणा, आम्ही तोवर दुसऱ्या बाळाचं करतो," त्या शांतपणे म्हणाल्या.

मी फिरवलं, नवऱ्याने फिरवलं. शेवटी सासऱ्यांनी तिला खांद्यावर घेतलं आणि व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हेलपाटे घालायला लागले. चालताना ते तोंड मिटून काहीतरी घुमवत होते. भजनाची चाल होती, शब्द नव्हते. जवळून जाताना त्यांच्या छातीत तो आवाज भरून राहिल्यासारखा वाटायचा. बाळाने गाल त्यांच्या छातीला टेकवला आणि मूठ सैल सोडली.

"आता हिला हलवू नका. आजोबा, तुम्हीच घेऊन बसा आत," बाई म्हणाल्या. आम्ही खुणांनी त्यांना समजावलं.

ते खुर्चीत बसले. बाळाच्या कपाळाला, कानांमागे वायरी लागल्या, कानांत बारीक नळ्या गेल्या, दिवा मंद झाला. पुढचा सगळा वेळ ते हलले नाहीत. नाकावर माशी बसली तरी त्यांनी हात उचलला नाही, नुसते मिशा हलवत राहिले. मला त्या परिस्थितीतही हसू आवरेना, म्हणून मी भिंतीकडे तोंड करून बसले. तपासणी संपल्यावर त्यांचे पाय इतके बधिर झाले होते की नवऱ्याला त्यांना काखेत धरून उठवावं लागलं.

मग बाईंनी आम्हाला बसवून सगळं सांगितलं. दोन्ही कानांत दोष आहे, मध्यमाहून जास्त. दार आपटलं, भांडं पडलं, कुत्रं भुंकलं तर तिला कळेल. आपण शेजारी बसून बोलतो ते बोलणं तिच्यापर्यंत जवळजवळ पोचत नाही. कारण सांगता येत नाही, पुष्कळदा सापडत नाही. तुमचं काही चुकलेलं नाही. यंत्रं लावायची, दोन्ही कानांना, लवकरात लवकर.

माझ्या मनात एकच प्रश्न होता. तो मी विचारला. "मला आई म्हणेल का ती?"

बाई हसल्या. "म्हणेल. आणि नंतर तुम्हीच तिला सांगाल, जरा गप्प बस गो."

परतीच्या वाटेवर मी रडत होते. सासऱ्यांना बाईंचं बोलणं समजलं नव्हतं आणि मला सांगवेना. मग सिग्नलला गाडी थांबली तेव्हा नवऱ्याने मागे वळून त्यांना ओरडून सांगितलं, एकेक वाक्य तोडून. शेजारच्या बसमधले लोक खिडकीतून वाकून बघायला लागले. सासऱ्यांनी मान हलवली. घर येईपर्यंत ते बाळाकडे बघत होते.

सासूबाई जेवण करून वाट बघत होत्या. सगळं ऐकल्यावर त्यांनी ठाम नकार दिला. "काय तरीच. तेका आयकाक येता. परवा मिया ताट पाडलंय, तेवा ता कसा दचाकला. येवढ्याशा भुरग्याच्या कानात यंत्रां घालतात कोण?"

नवरा समजवायला लागला की ताटाचा आवाज वेगळा, बोलण्याचा वेगळा. सासूबाई ऐकेनात. तेवढ्यात सासरे आपल्या कदेलावरून, म्हणजे खुर्चीवरून, नेहमीपेक्षा खालच्या आवाजात बोलले.

"ताट मगे माकाय आयकाक येता."

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो.

"आवाज येता," ते म्हणाले. "शब्द येनत नाय. तुमी हसतास, ता दिसता. कित्या हसतास ता समजना नाय. मी आपलो हसतंय तुमच्या वांगडा." कित्या म्हणजे का, वांगडा म्हणजे सोबत. मग जरा थांबून, बाळाकडे बोट करून म्हणाले, "तेका तसा नको."

इतक्या वर्षांत हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि त्या आत जाऊन आमची पानं वाढायला लागल्या. यंत्राला विरोध तिथेच संपला. तरी पुढच्या सोमवारी त्या देवळात जाऊन कौल लावून आल्याच. देवाच्या मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारायचा, उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवाची संमती. उजवीकडची पडली.

"आणि डावीकडची पडली असती तर?" मी विचारलं.

"मगे परत विचारला असता," त्या शांतपणे म्हणाल्या.

यंत्रांसाठी आधी कानांचे साचे घ्यावे लागतात. गुलाबी, मळलेल्या कणकेसारखा मसाला कानात भरतात आणि घट्ट झाला की काढतात. बाळ वाढतं तसा कानही वाढतो, त्यामुळे हे साचे पुनःपुन्हा करावे लागतात. यंत्रं आली तेव्हा ती पाच महिन्यांची होत होती. पारदर्शक साचे आणि कानामागे बसणारी काजूच्या बीएवढी यंत्रं.

"लगेच काहीतरी चमत्कार होईल असं समजू नका," बाईंनी आधीच बजावलं होतं. त्यांनी दोन्ही यंत्रं लावली आणि मला खुणेने सांगितलं, बोला.

मी तिच्या नावाने हाक मारली. नेहमीच्याच आवाजात. ती अंगठा चोखत होती, ती थांबली. डोळे मोठे झाले. मी पुन्हा हाक मारली. तिचा खालचा ओठ थरथरला आणि तिने मोठ्याने भोकाड पसरलं. मग स्वतःच्याच रडण्याच्या आवाजाने दचकून गप्प झाली आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली. मी काय बोलत होते ते मला आठवत नाही. सुचेल ते बोलत होते, खिडकी, पंखा, बाबा, घर. बाईंनी नवऱ्याला पुढे केलं. पाच महिने बाप असलेला हा माणूस वाकून म्हणाला, "हॅलो, ऐकू येतंय का?"

बाई खुर्चीत मागे रेलून हसल्या. बाळही हसलं. ते कशाला हसलं ते त्याचं त्याला ठाऊक, पण आवाजाच्या दिशेला बघून हसलं.

पुढच्या वेळी आम्ही हॉस्पिटलात निघालो तेव्हा सासरे अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत आधीच येऊन बसले होते. हातात रुमालाची पुरचुंडी. तिच्यात त्यांचं कपाटातलं यंत्र होतं. मी काही विचारायच्या आधीच त्यांनी कारण सांगितलं. "ता मोठा जाल्यार विचारतला, आजोबा, तू कित्या घालनस नाय? मगे काय सांगू?"

जुनं यंत्र काही उपयोगाचं नव्हतं, त्यांना नवं मिळालं. पहिले आठ-दहा दिवस ते वैतागलेले असत. स्वयंपाकघरातली भांडी एवढी का वाजतात, पंखा असा का ओरडतो, माडाच्या झावळ्या किती खडखडतात. एका दुपारी ते ओसरीवर बसून आतल्या आमच्या गप्पा ऐकत होते. थोड्या वेळाने आत येऊन म्हणाले, "ह्या घरात सगळीं इतकीं उलयतात?" सासूबाई म्हणाल्या, "आदींय उलयत होतंव."

बाळासोबत दिवसभर बोला, असं आम्हाला सांगितलेलं होतं. जे कराल ते बोलून करा, तिच्या समोर बसून, तोंड दिसू द्या. मी नोकरीवर रुजू झाले, तेव्हा ते काम सासूबाईंकडे गेलं. "येवढाच ना," त्या म्हणाल्या. "ता माका जमता." आणि खरंच, त्यांच्याइतकं बोलणं कोणाला जमलं नसतं. बाळाला समोर बसवून त्या नारळ खवत आणि नारळाची सगळी हकिगत सांगत. माड कोणता, नारळ पाडणारा पाडेली कधी आला होता, त्याच्या बायकोची तब्येत कशी आहे. मासळी साफ करताना माशाचं नाव, त्याचे काटे, तो काल किती चांगला मिळाला होता. संध्याकाळी मी घरी यायची तेव्हा बाळ त्यांच्या तोंडाकडे बघून ओठ हलवत असायचं आणि सासूबाईंचा आवाज बसलेला असायचा.

यंत्र ओढून काढायचं हा तिचा आवडता उद्योग होता. रांगायला लागली तसे आम्ही दिवसभर यंत्रांच्या मागे. एकदा उजव्या कानातलं यंत्र नाहीसंच झालं. अंगण झाडलं, गादी उलटली, कोंबड्यांच्या खुराड्यात पाहिलं. नवरा अंगणाच्या कडेचा पाचोळा चाळणीने चाळत होता. सासरे माझ्या मागे मागे फिरत प्रत्येक जागी विचारत होते, "हय बघलास?" मी रडकुंडीला आले होते. तेवढ्यात सासूबाई न्हाणीच्या दाराशी थांबून म्हणाल्या, "दिवसाउजेडी रातकिडो कसो ओरडता हो?"

आवाज धुवायच्या कपड्यांच्या बाल्दीतून येत होता. बारीक, उंच शिट्टी. यंत्र चालू असताना कशात तरी झाकलं गेलं की शिट्टी वाजवतं, हे मला ठाऊक होतं, पण घाबरल्यावर आठवलं नव्हतं. मी एकेक कपडा उचलून बघितला. यंत्र तिच्या झबल्याच्या बाहीत गुंडाळलेलं निघालं. त्या बाल्दीत पाणी ओतायची तयारी सासूबाईंनी केली होती. "देव पावलो," त्या म्हणाल्या आणि भरलेली कळशी बाजूला ठेवून तिथेच बसल्या. नंतर आम्ही यंत्रांना दोऱ्या लावून त्या झबल्याला पिनेने अडकवायला लागलो.

शब्द यायला वेळ लागला, पण आमच्या भीतीपेक्षा कमी लागला. आधी नुसते सूर, मग बाबाबा, मग ताताता. शेजारपाजारचे विचारायचे, बोलते का? कोणी ग्रहणात काही चिरलं होतंस का असंही विचारलं. सासूबाईंनी त्या बाईला चहा न देता परत पाठवलं, आणि आमच्याकडे ही साधी गोष्ट नाही.

एका सकाळी मी कामावर निघायच्या घाईत होते. पाव विकणारा पोदेर सायकलवरून आला आणि कोपऱ्यावर त्याने भोंगा दाबला. तो अजून आमच्या गल्लीत वळलासुद्धा नव्हता. ती जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, उभी होती, गज धरून. तिने मान वळवली, माझ्याकडे बघितलं आणि स्पष्ट म्हणाली, "पाव."

मी हातातली पर्स खाली ठेवली. "काय म्हणालीस?"

"पाव," ती म्हणाली. मी असं काय विचारते, असा तिचा चेहरा होता.

आई हा शब्द त्यानंतर पुष्कळ दिवसांनी आला. तोवर पाव, आजी, म्याव आणि नको हे येऊन गेले होते. मला वाईट वाटेल असं नवऱ्याला वाटलं होतं. मला नाही वाटलं. मी त्या दिवशी पतसंस्थेत पोचेपर्यंत बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईलाही सांगितलं की माझी मुलगी पाव म्हणाली. "आता उंडे म्हणायला शिकवा," ती म्हणाली. उंडे म्हणजे आमच्याकडचे गोल पाव.

आता ती शाळेत जाते. तिथल्या बाई तिला पहिल्या बाकावर बसवतात. पोरांनी कानातलं काय आहे म्हणून विचारलं तेव्हा तिने सांगितलं, "माझ्या आजोबांकडेपण आहे," आणि पोरांचं समाधान झालं. शब्दांची शेवटची अक्षरं ती कधी गिळते. गलका असला की चिडते. साच्यांसाठी आणि तपासणीसाठी आमच्या फेऱ्या चालूच आहेत. सगळं मिटलं असं म्हणत नाही मी. पण मला पणजीकडच्या ऑडिओलॉजिस्ट बाईंनी सांगितलेलं 'जरा गप्प बस गो' हे वाक्य दिवसातून एकदा तरी म्हणावं लागतं, आणि ते म्हणताना मला फार बरं वाटतं.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सगळे केरीच्या समुद्रावर गेलो होतो. यंत्रांना पाणी चालत नाही. सुरूच्या झाडांखाली चटई टाकल्यावर आजोबा आणि नात, दोघांनी आपापली यंत्रं काढली, पुसली आणि माझ्याकडच्या डब्यांत ठेवली. मग दोघं हात धरून पाण्याकडे गेले.

लाट आली की दोघं उडी मारायचे. ती त्यांना ओरडून काहीतरी सांगायची, ते तिला ओरडून काहीतरी सांगायचे. दोघांपैकी कोणाला काही ऐकू येत असेल असं वाटत नाही, पण गप्पा थांबत नव्हत्या. सासूबाईंनी जेवणाचे डबे उघडले आणि किनाऱ्यावरून हाका मारायला सुरुवात केली. आधी नातीला, मग सासऱ्यांना, मग दोघांना एकदम. बाजूच्या चटईवरची माणसंही त्यांच्या मदतीला हाका मारायला लागली.

"आयकनत नाय ती," सासूबाई दमून म्हणाल्या. "तू जा गो बाय."

मी सलवार गुडघ्यांपर्यंत दुमडली आणि पाण्यात गेले. मुलीच्या पाठीला हात लावला. तिने वळून माझ्याकडे बघितलं, केस ओले, दातांत वाळू. मी तोंडापाशी घास नेल्याची खूण केली. तिने मान हलवून नाही म्हटलं आणि बोट वर करून अजून एक लाट मागितली. तिचे आजोबाही बोट वर करून उभे होते. मग आम्ही तिघांनी ती लाट घेतली आणि जेवायला आलो.